सब्र आणि नाइलाज

२४ मार्च २०२० हा दिवस आपल्या लक्षात आहे तो रात्री आठ वाजता दूरचित्रवाणीवर झालेल्या टाळेबंदीच्या घोषणेमुळे. त्याच दिवशी काही तास आधी आणखी एक घोषणा झाली होती. टोकियोचे ऑलिंपिक त्या वर्षी होणार नाही, ते पुढे ढकलले आहे, अशी. आमच्या गोंदियात त्या बातमीकडे बघायला कोणाला सवड नव्हती. लोक घरात किराणा भरण्याच्या घाईत होते. एवढे मोठे रेल्वे जंक्शन, पण प्रवासी गाड्या थांबल्या होत्या आणि रात्री फक्त मालगाड्यांची धडधड ऐकू येत होती. अशा वेळी कोण कुठे धावणार होते आणि आता धावणार नाही, याची चिंता कोण करणार?

चिंता करणारा एक मुलगा आमच्या मोहल्ल्यात होता. माझाच जुना विद्यार्थी. जन्म १९९९ च्या जूनचा. म्हणजे १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या आमच्या जिल्ह्यापेक्षा महिनाभराने लहान. शाळेत असताना लांब पल्ल्याच्या शर्यतीत राज्यपातळीपर्यंत जाऊन आलेला. ऑलिंपिक त्याच्या स्वप्नात नव्हते. सैन्यभरतीत धावायचे आणि तिथून सैन्याच्या संघात शिरायचे, एवढाच त्याचा नकाशा होता. बीड जिल्ह्यातल्या खेड्यातला अविनाश साबळे सैन्यात गेला आणि तिथे राहून देशाचा धावपटू झाला, ही गोष्ट त्याला पाठ होती. फजरच्या अजानच्या सुमारास त्याच्या बुटांचा आवाज आमच्या गल्लीतून जायचा. टाळेबंदीनंतर तो आवाज बंद झाला.

एप्रिलच्या अखेरीस रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरात. तो मुलगा मला भर उन्हात गच्चीवर बसलेला दिसे. त्याचे अब्बा एकदा म्हणाले, "सर, सहरीला याला उठवावं लागत नाही. रात्रभर जागाच असतो. तुम्ही दोन शब्द सांगून बघा." मी गल्लीतूनच वर पाहिले आणि म्हणालो, "सब्र कर, बेटा. सगळ्यांवरच ही वेळ आहे." त्याने मान हलवली. मी घरी आलो. माझे कर्तव्य झाले असे मला वाटले.

त्या माझ्या दोन शब्दांनी मला पुढे बरीच वर्षे स्वस्थ बसू दिले नाही. आपण दुसऱ्याला सब्र करायला सांगतो तेव्हा नेमके काय सांगत असतो? सहन कर, असे? की बोलू नकोस, असे? आणि ज्याच्यापुढे सहन करण्यावाचून दुसरा मार्गच नाही, त्याच्या सहन करण्याला सब्र हे मोठे नाव देण्याचा आपल्याला काय अधिकार?

हा प्रश्न खेळाडूंच्या निमित्ताने विचारावासा वाटतो, कारण महामारीने त्यांच्या बाबतीत तो फार उघडा करून दाखवला. खेळाडूचे आयुष्य तारखेवर उभे असते. शर्यतीचा दिवस ठरला की प्रशिक्षक तिथून उलटे मोजत येतो: इतके महिने दम वाढवायचा, इतके आठवडे वेग वाढवायचा, शेवटी काही दिवस मेहनत कमी करून शरीर ताजे ठेवायचे. झोप, जेवण, वजन, सगळे त्या तारखेला बांधलेले. ती तारीखच नाहीशी झाली की आजचा दिवस कशासाठी, याचे उत्तर उरत नाही. मेहनत काही आठवडे थांबली की दम ओसरू लागतो आणि हे त्याला स्वतःच्या छातीत कळते. वय मात्र थांबत नाही. त्याशिवाय एक गोष्ट बाहेरच्या माणसाला दिसत नाही. लहानपणापासून "तू कोण?" या प्रश्नाला त्याचे एकच उत्तर असते: मी धावतो, मी खेळतो. ते बंद झाल्यावर घरात बसलेला हा माणूस कोण, हे त्याचे त्यालाच समजत नाही.

जे थोर खेळाडू होते त्यांचे सामने काही महिन्यांनी सुरू झाले, पण ते 'बायो-बबल' नावाच्या बंदोबस्तात. हॉटेल, बस, मैदान आणि पुन्हा हॉटेल. बाहेरच्या कोणाला भेटायचे नाही, घरच्यांना आणणे कठीण, नाकात वारंवार चाचणीची काडी. हरल्यावर मित्राकडे जाऊन बसता येत नव्हते, जिंकल्यावर आईला मिठी मारता येत नव्हती. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियोचे ऑलिंपिक झाले तेव्हा बहुतेक मैदानांत प्रेक्षकच नव्हते, आणि स्पर्धा संपली की दोन दिवसांच्या आत खेळाडूने देश सोडायचा असा नियम होता. आपण घरी बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्यांच्यापर्यंत पोचत नव्हत्या.

आता तीन उदाहरणे घेऊ. तिन्ही वृत्तपत्रांत येऊन गेलेली आहेत.

पहिले आमच्या शेजारचे. गोंदियाहून रेल्वेने दोन-अडीच तासांवर नागपूर. तिथल्या एका झोपडपट्टीत राहणारी प्राजक्ता गोडबोले ही लांब पल्ल्याची धावपटू. २०१९ साली इटलीत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत ती पाच हजार मीटर शर्यतीत भारताकडून धावली होती. मे २०२० मध्ये तिची बातमी आली. वडील अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले. आई लग्नाकार्यांत स्वयंपाकाचे काम करायची. लग्ने थांबली, काम थांबले. शर्यतींतून मिळणारी बक्षिसाची रक्कम हाच तिचा हातभार होता, शर्यतीही बंद. शेजाऱ्यांनी दिलेल्या डाळ-तांदळावर घर चालले होते. सराव करण्याचा विचारही मनात येत नाही, जगायचे कसे हेच कळत नाही, अशा अर्थाचे ती बोलली होती. या मुलीला मानसोपचाराची गरज होती की धान्याची? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे. तिच्या घरात मन आणि पोट यांच्यामध्ये भिंत नव्हती.

दुसरे उदाहरण हैदराबादच्या मोहम्मद सिराजचे. वडील रिक्षा चालवायचे. मुलाने देशासाठी कसोटी खेळावी हे त्यांचे स्वप्न. २०२० ची आयपीएल अमिरातीत खेळून सिराज तिथूनच ऑस्ट्रेलियाला गेला. संघ सिडनीत विलगीकरणात असताना २० नोव्हेंबरला वडील वारले. क्रिकेट मंडळाने त्याला घरी परतण्याची मुभा दिली. त्याने थांबायचे ठरवले. आईनेही फोनवरून तेच सांगितले, की वडिलांचे स्वप्न पुरे कर. मय्यतीला खांदा देता आला नाही, कबरीवर तीन मुठी माती टाकता आली नाही. डिसेंबरच्या अखेरीस मेलबर्नला त्याने पदार्पण केले. सिडनीत राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहिले. त्याच सामन्यात प्रेक्षकांतून त्याला वर्णद्वेषी शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याने त्या गिळल्या नाहीत. तो कर्णधार अजिंक्य रहाणेकडे गेला, पंचांकडे तक्रार झाली, खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात त्याने पाच बळी घेतले, मालिकेतले १३. २१ जानेवारी २०२१ रोजी हैदराबादला उतरल्यावर तो घरी जाण्याआधी कब्रस्तानात गेला.

ही गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली गेली आणि तिचे सार एकच काढले गेले: बघा, याला म्हणतात सब्र. मीही वर्गात ती तशीच सांगितली. त्या काळात आपल्यापैकी कितीतरी जणांना बापाच्या कबरीवर माती टाकता आली नव्हती, म्हणून ती आपल्याला आतून भिडली. पण सांगताना आपण एक तपशील गाळतो. सिराजपुढे दार होते. त्याला विचारले गेले होते. आणि तेही दार पुरते उघडे होते असे नाही, कारण तो गेला असता तर परत येऊन पुन्हा विलगीकरण, म्हणजे दौरा जवळपास संपलाच. पहिलीच कसोटी मालिका, आणि पुन्हा संधी मिळेल याची खात्री कोणाला असते? तरीही मुभा होती. तो गेला असता तर तोही सब्रच ठरला असता, हे मान्य करायची आपली तयारी आहे काय? नसेल, तर आपण त्याच्या सब्रची स्तुती करत नव्हतो. तो आपल्या उपयोगी पडला याची करत होतो.

तिसरे उदाहरण थांबणाऱ्यांचे. मे २०२१ मध्ये जपानची टेनिसपटू नाओमी ओसाका हिने पॅरिसच्या स्पर्धेत पत्रकार परिषदांना जाणार नाही असे जाहीर केले. तिला पंधरा हजार डॉलरचा दंड झाला. तिने स्पर्धाच सोडली आणि २०१८ पासून आपण नैराश्याशी झगडत आहोत हे सांगून टाकले. दोन महिन्यांनी, २७ जुलैला, टोकियोत अमेरिकेची सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीतून मधेच बाहेर पडली. हवेत गिरकी घेताना आपले शरीर कुठे आहे, जमीन कुठे आहे, हे मेंदूला कळेनासे होते. जिम्नॅस्ट या अवस्थेला 'ट्विस्टीज' म्हणतात. त्या अवस्थेत उडी घेणे म्हणजे मान मोडून घेण्याचा धोका. तरी जगभरातून तिला पळपुटी म्हणणारे निघालेच. आठवडाभराने ती परतली आणि बॅलन्स बीमवर कांस्यपदक घेऊन गेली. आपल्याकडे विराट कोहलीने २०२२ साली सांगितले की महिनाभर त्याने बॅट हातात धरली नव्हती आणि त्याआधी मैदानावरचा आवेश तो ओढूनताणून आणत होता. सगळे मिळालेल्या माणसाची ही कबुली.

या तिघांना, चौघांना एका ओळीत उभे केले की काय दिसते? ओसाका, बाइल्स थांबू शकल्या, कारण थांबल्यावरही त्यांचे जग शिल्लक होते. सिराजला निवड करता आली. प्राजक्तापुढे निवड नव्हती; तिला थांबवले गेले होते. आणि आमच्या गल्लीतल्या गच्चीवरच्या मुलाला तर कोणी विचारलेही नव्हते. पण शाबासकी देताना आपण सगळ्यांना एकच शब्द वापरतो. मला वाटते, इथेच नैतिक घोटाळा आहे. सब्र ही माणसाची कृती आहे. ती करणारा माणूस मोकळा असावा लागतो. निदान बोलायला तरी मोकळा असावा लागतो. ज्याचे हातपाय परिस्थितीने बांधले आहेत आणि तोंड आपण बांधले आहे, त्याचे गप्प राहणे हा नाइलाज आहे. नाइलाजाला सद्गुण म्हटले की आपली जबाबदारी संपते, म्हणून तो शब्द आपल्याला इतका सोयीचा वाटतो.

कोणी म्हणेल, ईमान पक्के असेल तर मन खचतेच कशाला? हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांनी सूरह युसूफ पुन्हा वाचावी. सुंदर सब्राची भाषा तिथे हजरत याकूब (अ.) यांच्या तोंडी आहे, आणि मुलाच्या दुःखात रडून रडून डोळे पांढरे झाले तेही त्यांचेच. त्यांनी आपली व्यथा लपवली नाही, अल्लाहपाशी बोलून दाखवली. हजरत उमर (र.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ आहे असे कळले, तेव्हा ते सल्लामसलत करून मागे फिरले. तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले, तेव्हा एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. मागे फिरण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आणि अबू झैद अल-बल्खी या विद्वानाने, ज्याचे निधन ९३४ साली झाले, शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण न सापडणारी उदासी यांत त्याने फरक केला, आणि दुसरीचे मूळ शरीरातही असू शकते असे मांडले. हजार वर्षांपूर्वी जे आपल्या विद्वानांना ठाऊक होते, त्याची आज आपल्या मोहल्ल्यात लाज वाटते. मुलगा झोपत नाही म्हटले की आपण आधी नजर लागली म्हणतो, मग आळशी म्हणतो. डॉक्टरचे नाव शेवटी निघते, आणि तेही हळू आवाजात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच एप्रिल-मे महिन्यांत आमच्या जिल्ह्यातून, देवरीवरून छत्तीसगडकडे जाणाऱ्या महामार्गाने, मजूर बायकापोरांसह पायी चालले होते. डोक्यावर गाठोडी, पायांत तुटक्या चपला. त्यांच्यासमोर हॉटेलच्या खोलीत बसलेल्या खेळाडूच्या मनाचे दुखणे ते काय? हा प्रश्न मलाही पडला. पण दुःख म्हणजे रेशन नाही, की एकाला मिळाले म्हणून दुसऱ्याचे कमी व्हावे. शिवाय प्राजक्ता ही स्वयंपाकीण बाईची मुलगी आणि सिराज रिक्षावाल्याचा मुलगा. मजुराचे घर आणि खेळाडूचे घर आपल्या देशात अनेकदा एकच असते. आणि मला महत्त्वाचे वाटते ते असे: ज्या बाईवर साऱ्या जगाचे कॅमेरे रोखलेले होते, तिने मला हवेत जमीन सापडत नाही असे सांगितले, तरी लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मग आमच्या राईस मिलमध्ये पोती वाहणारा हमाल "मन लागत नाही" म्हणाला तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? थोर खेळाडूंचे बोलणे आपल्या कामाचे आहे ते यासाठी. त्यांनी ते मोठ्याने म्हटले म्हणून आपल्या घरातल्या माणसाला ते हळू आवाजात तरी म्हणता येईल.

करायचे काय? कायद्याने काही गोष्टी झाल्या आहेत. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सरकारी सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देतो. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, पैसे न देता, आपल्या भाषेत बोलता येते. हा क्रमांक आपल्या मशिदीच्या फलकावर, शाळेच्या भिंतीवर, आखाड्याच्या दारावर लिहायला काहीच अडचण नाही. तालुक्याच्या मैदानावर मुलांना पळवणाऱ्या प्रशिक्षकाने वेळ मोजतो त्याच वहीत झोप लागते का, हेही लिहून ठेवावे. खेळाडूच्या घरी चूल पेटते का, हे बघणे क्रीडा संघटनांचे काम आहे, आणि ते शर्यत जिंकल्यावर सत्कार करण्याआधीचे काम आहे. पण या साऱ्याच्याही आधी एक साधी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी कायदा लागत नाही. उपदेश करण्यापूर्वी विचारणे.

हे मला उशिरा कळले, तेही त्या मुलाकडूनच.

महामारीमुळे सैन्यभरतीचे मेळावे दोन वर्षे झाले नाहीत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि त्या एका वर्षापुरती वयाची अट २१ वरून २३ केली. आमचा मुलगा थोडक्या महिन्यांनी त्यातही बसला नाही. आता तो एका राईस मिलमध्ये धानाच्या काट्यावर बसतो. त्या दिवाळीच्या आसपास, हलक्या धानाची आवक सुरू झाली होती तेव्हा, तो मला रस्त्यात भेटला. मी विचारले, "धावतोस की नाही?" तो हसला. "कशासाठी, सर?" मग थोडे चाललो आणि मी न विचारताच तो बोलू लागला. त्या मे महिन्यात रात्री गच्चीच्या कठड्यावर बसून तो खाली बघत असे. काय मनात येई ते त्याने स्पष्ट सांगितले नाही आणि मला विचारण्याचे धाडस झाले नाही. एका रात्री त्याच्या अम्मीला जाग आली, ती वर आली आणि काही न बोलता त्याच्या शेजारी सहरीपर्यंत बसून राहिली. दुसऱ्या रात्रीही आली. ईदपर्यंत रोज येत राहिली.

मी म्हणालो, "मी तुला सब्र कर म्हणालो होतो."

"हो, सर. तुम्ही खाली उभे होते," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "वर यायचं होतं ना. जिना होता."

मी त्याच्याबरोबर त्याच्या घरापर्यंत गेलो. अम्मीने चहा ठेवला. चहा घेऊन आम्ही दोघे गच्चीवर गेलो आणि मगरिबची अजान होईपर्यंत बसलो. मी फारसे काही बोललो नाही.